पोरगं गप्प झालंय? आधी फोन हिसकावू नका!

कपाशीचं पान आकसलं की तुम्ही ते उलटं करून तुडतुडे बघता. पण नववी-दहावीतलं पोर आठ दिवस नीट जेवत नाही, शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं म्हणतं, फोन वाजला की दचकतं, तेव्हा आपण म्हणतो, 'वयच तसं आहे.' शेतकरी बंधू-भगिनींनो, इथंच चूक होते.

पूर्वी शाळेत कुणी चिडवलं तरी घरी आल्यावर पोर सुटायचं. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं, २०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलवर आली आणि चिडवणारा थेट अंथरुणापर्यंत पोचला. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातीवरून, रंगावरून, बापाच्या कर्जावरून टोमणे. मुलीच्या नावानं इन्स्टाग्रामवर खोटं खातं. तिचा चेहरा भलत्याच फोटोला चिकटवून गावभर फिरवणं. चावडीवरची कुचेष्टा दिवस मावळला की थांबायची, ही रात्रभर चालते.

मग पोरं काय करतात? बरीचशी गप्प बसतात. सांगितलं तर फोन जाईल, ही भीती. मुलीला त्याहून मोठी भीती : शाळा बंद होईल, घरचे स्थळं बघायला लागतील. म्हणजे गुन्हा एकाचा अन् शिक्षा तिला! काही पोरं उलट शिव्या देतात, त्यानं आग वाढते. विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला सांगितलं की निम्मा भार उतरतो. तो माणूस तुम्ही व्हा.

काय करावं?

१) न रागावता ऐकून घ्या. 'तुझी चूक नाही' हे तोंडानं म्हणा.

२) मजकूर घाईनं पुसू नका. स्क्रीनशॉट, खात्याचं नाव, नंबर, तारीख जपून ठेवा. मग ब्लॉक करा आणि ॲपमध्येच तक्रार नोंदवा. अश्लील फोटो मात्र पुरावा म्हणूनही कुणाला पुढं पाठवू नका.

३) मुलांसाठी १०९८, सायबर गुन्ह्यासाठी १९३०, मनाच्या त्रासासाठी १४४१४ नव्हे, १४४१६ हे क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवा.

४) मुलाचा खरा किंवा बनवलेला अश्लील फोटो पसरवण्याची धमकी देणं हासुद्धा २०१२ च्या पोक्सो कायद्यानं गुन्हा ठरतो. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनाही सांगणं आहे. असं प्रकरण आलं तर 'गावातच मिटवा' म्हणू नका, ग्रामसभेत मुलीचं नाव घेऊ नका. पीडित मुलाची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे. तिची शाळा सुटणार नाही एवढं बघा. अठराच्या आत लग्न ठरत असेल तर ते थांबवणं ग्रामसेवकाचं कामच आहे.

आणि चिडवणारं पोर आपलंच निघालं तर? पांघरूण घालू नका. त्याला समोर बसवा, मजकूर काढायला लावा, माफी मागायला लावा. बांध कोरणाऱ्याला आपण नावं ठेवतो. दुसऱ्याच्या लेकराचं मन कोरणं त्याहून वाईट, हे त्याला घरातच कळू द्या.