क्रियापदाच्या पाठीशी उभे असलेले अव्यय

साध्या क्रियापदास एखादे लहानसे अव्यय जोडून त्याचा अर्थ पार पालटून टाकण्याची जी इंग्रजीची रीत, तीच परकीयांना सर्वाधिक अडचणीत टाकते, असे डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नमूद करून ठेविले आहे. ‘पुट’ म्हणजे ठेवणे. परंतु ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझविणे, आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूटपणे सोसणे. मराठी माणसाने यास बिचकण्याचे कारण नाही. ‘काम उरकून टाकले’ म्हणताना आपणही फेकण्याचा मूळ अर्थ मागे सोडतोच. खरी मेख आहे ती शब्दक्रमात. सभा तहकूब करावयाची असता ‘पुट ऑफ द मीटिंग’ व ‘पुट द मीटिंग ऑफ’ ही दोन्ही रूपे मंजूर. पण सभेच्या जागी सर्वनाम आले की ‘पुट इट ऑफ’ एवढेच शुद्ध. उलट ‘लुक आफ्टर’ ही जोडी अभेद्य, म्हणून ‘लुक आफ्टर हिम’ हाच तिचा क्रम. यास्तव केवळ अर्थांच्या याद्या घोकण्याचा प्रघात मला घातक वाटतो. कर्मासकट संपूर्ण वाक्यच मुखोद्गत करावे, आणि सरकारदरबारी अर्ज लिहिताना मात्र ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’ योजावे.