चित्रसंकलनाचा संगणक : बेताच्या पैशांत निवड कशी करावी ?



अलीकडे मध्यम स्थितींतील कुटुंबांत एक नवीनच मागणी ऐकूं येऊं लागली आहे. पूर्वी मुलगा सायकल मागे, फार तर हार्मोनियम मागे, आतां कॉलेजांत जाणारी मुलगी किंवा नुकताच धंद्यास लागलेला मुलगा म्हणतो, "मला व्हिडिओच्या संकलनासाठीं संगणक पाहिजे." लग्नामुंजींचीं व गणेशोत्सवांतील नाटकांचीं चित्रणें जुळवून देऊन चार पैसे मिळविणारे तरुण आज शहराशहरांतून आहेत. मागणी अवास्तव नसते. परंतु तिची पूर्तता बहुधा घरांतील शिलकेंतून किंवा पतपेढीच्या कर्जांतून व्हावयाची असते. म्हणून वडील माणसांनींहि तिचा विचार केला पाहिजे. मी यंत्रशास्त्राचा पंडित नाहीं. शाळेंत गणित शिकविण्यांत आयुष्य गेलेला एक मास्तर आहें. पण हा प्रश्न बराचसा गणिताचाच आहे, असें मला दाखवावयाचें आहे.

प्रथम कामाचें मोजमाप घेऊं. ज्याला बाजारांत 'फोर-के' म्हणतात त्या चित्राच्या एका चौकटींत आडवे ३,८४० व उभे २,१६० बिंदु असतात; गुणाकार सुमारें ८३ लक्ष. प्रत्येक बिंदूचे तीन रंग व दर रंगास एक बाइट धरला, तर एका चौकटीस जवळजवळ २५ मेगाबाइट जागा लागते. आणि एका सेकंदांत अशा २५ चौकटी डोळ्यांपुढून जातात. म्हणजे सेकंदास सुमारें ६२० मेगाबाइट ! ७०० मेगाबाइटांची एक सीडी सव्वा सेकंदही पुरणार नाहीं.

एवढा पसारा साध्या कॅमेऱ्याच्या कार्डावर कसा मावावा ? म्हणून कॅमेरा त्याचा संक्षेप करून ठेवतो. पुष्कळ कॅमेरे सेकंदास १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा मेगाबाइट, या मानानें फोर-के चित्रण करतात. मूळच्या पन्नासाव्या हिश्शांत काम भागतें. हा संक्षेप कसा होतो तें समजलें कीं अर्धा प्रश्न सुटला. जमाखर्चाच्या वहींत कारकून पहिली ओळ पूर्ण लिहितो आणि पुढच्या ओळींत 'वरीलप्रमाणें' म्हणून फरक असेल तेवढाच नोंदतो. २००३ सालची एच-२६४ आणि २०१३ सालची एच-२६५ या दोन्ही पद्धति सामान्यतः असेंच करतात : एक चौकट सबंध, आणि नंतरच्या कित्येक चौकटींचा केवळ फरक. नुसतें पाहावयाचें असेल तर हें ठीक. वही वरून खालीं सरळ वाचली जाते. परंतु संकलन करणारा मध्येंच बोट ठेवतो, मागें येतो, पुन्हां पुढें जातो. दर वेळीं संगणकाला मागील सबंध ओळ शोधून तेथून हिशेब मांडीत यावें लागतें. तो अडखळतो तो बहुधा येथें.

म्हणून प्रोसेसर निवडतांना त्याचा वेग आणि कोअरची संख्या एवढेंच पाहून भागत नाहीं. संक्षेप उलगडण्याची स्वतंत्र सोय यंत्रांत आहे कीं नाहीं, हेंहि विचारावें. इंटेल कंपनीनें ही सोय 'क्विक सिंक' या नांवानें २०११ पासून आपल्या प्रोसेसरांतील चित्रविभागांत ठेविली आहे. ज्या इंटेल प्रोसेसरांच्या क्रमांकापुढें 'एफ' हें अक्षर असतें ते थोडे स्वस्त पडतात. परंतु त्यांतील चित्रविभाग वापरतां येत नसल्यामुळें ही सोयहि मिळत नाहीं. संकलन करणारानें या स्वस्ताईला भुलूं नये. दुसरी एक बारीक गोष्ट अशी कीं, कांहीं नव्या कॅमेऱ्यांत रंगांची अधिक माहिती राखणारें 'दहा-बिट, चार-दोन-दोन' या प्रकारचें एच-२६५ चित्रण होतें. तें उलगडण्याची सोय इंटेलच्या अकराव्या व पुढील पिढ्यांच्या चित्रविभागांत आहे. एन्व्हिडिया कंपनीनें ती २०२५ सालीं निघालेल्या पन्नास-मालिकेच्या कार्डांत आणली. असा कॅमेरा ज्याच्यापाशीं आहे त्यानें हें आधीं तपासावें. साध्या चित्रणावर ज्याचें काम चालतें त्यानें याची चिंता करूं नये.

आतां रॅम. रॅम म्हणजे शिंप्याचें बेतण्याचें टेबल. टेबल अपुरें असलें कीं शिंपी कितीहि चपळ असो, कापड पुनःपुन्हां गुंडाळून फळीवर ठेवण्यांतच त्याचा दिवस जातो. साध्या कामास १६ जीबी ही किमान मर्यादा समजावी. फोर-के चित्रणाचें काम नित्याचें असेल तर ३२ जीबी असावी. ही रॅम एकाच मोठ्या पट्टींत न घेतां दोन सारख्या पट्ट्यांत घ्यावी, म्हणजे माहितीच्या ये-जा करण्यास दोन वाटा मिळतात. २०२५ च्या उत्तरार्धांत या पट्ट्यांचे भाव फार झपाट्यानें चढले. तेव्हां जुन्या अंदाजावर विसंबून न राहतां खरेदीच्या दिवशींचाच भाव पाहावा. भाव चढेच असतील तर दोन पट्ट्यांत १६ जीबी घेऊन, पुढें भर घालण्यास मोकळ्या खांचा असलेला मदरबोर्ड पसंत करावा.

ग्राफिक्स कार्डाविषयीं बाजारांत सर्वांत अधिक गाजावाजा असतो. रंगसंस्कार, चित्रांतील खर काढणें, निरनिराळे परिणाम साधणें, हीं कामें तें खरोखर झपाट्यानें करतें. 'डाव्हिंची रिझॉल्व्ह' हें संकलनाचें साधन तर आपला मोठा भार कार्डावरच टाकतें. त्यासाठीं फोर-के कामास कार्डावर निदान ८ जीबी स्मृति असावी. परंतु ज्याला केवळ चित्रण कापावयाचें, जोडावयाचें आणि वर नांवें द्यावयाचीं आहेत, त्याचें काम आरंभीं प्रोसेसरांतील चित्रविभागावरहि निभतें. कार्ड मागाहून बसवितां येतें, घाई नसावी.

चित्रण ठेवण्याच्या जागेकडे मात्र लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि खरी हानि तेथेंच होते. वरील मानानें एका तासाचें चित्रण ४५ जीबी होतें. दोन कॅमेऱ्यांनीं चार-चार तास टिपलेलें एक लग्न म्हणजे ३६० जीबी. आमच्या ओळखीच्या एका होतकरू मुलीनें कर्ज काढून संगणक घेतला. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून निम्मी रक्कम ग्राफिक्स कार्डावर गेली. रॅम ८ जीबी आणि सर्व चित्रण एकाच हार्ड डिस्कवर. पावसाळ्यांत एके रात्रीं वीज दोन-तीनदां गेली-आली आणि ती डिस्क कायमची मुकी झाली. तींत एका घरचें लग्न होतें. आणि त्या लग्नांत, पुढें महिन्याभरांतच वारलेल्या आजीबाई नातीला हळद लावतांना दिसत होत्या. मुलीनें घेतलेले पैसे परत केले; पण त्या घरानें मागितले ते पैसे नव्हते.

म्हणून जागेची व्यवस्था अशी असावी : यंत्रणा व चालूं काम यांसाठीं एसएसडी, आणि पुरें झालेलें काम ठेवण्यास हार्ड डिस्क. हार्ड डिस्क सेकंदास दीडदोनशें मेगाबाइट वाचते. सरळ वाचनास तें पुरेसें आहे. परंतु एकाच वेळीं चार ठिकाणांहून वाचावयाचें झालें म्हणजे तिची सुई सारखी धांवत राहते व काम रेंगाळतें. साधी साटा एसएसडीहि सेकंदास सुमारें साडेपांचशें मेगाबाइट देते आणि तींत सुईच नसते. याशिवाय एक बाहेरची डिस्क घ्यावी. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या जागीं, हा नियम या व्यवसायांत रूढ आहे; तो पाळल्यावांचून दुसऱ्याच्या घरचें कार्य अंगावर घेऊं नये.

तसेंच पॉवर सप्लायचें. त्यावरील '८० प्लस' हा शिक्का वीज किती कमी वाया जाते एवढेंच सांगतो. संरक्षणाची हमी देत नाहीं. म्हणून नांवाजलेला व दीर्घ मुदतीची हमी असलेला घ्यावा, आणि यूपीएस जोडावा. यूपीएस म्हणजे काम जतन करून यंत्र शांतपणें बंद करण्यास मिळालेलीं पांच मिनिटें होत.

दादासाहेब फाळके १९१२ सालीं विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून लंडनला गेले. तेथें त्यांनीं कॅमेऱ्याबरोबर फिल्मीच्या कडेस भोकें पाडण्याचें यंत्रहि घेतलें. कॅमेऱ्यापुढें त्या यंत्राला कोण विचारतो ? पण त्याच्यावांचून कोरी फिल्म कॅमेऱ्यांतून सरकलीच नसती. आपल्या खरेदींतहि हीच दृष्टि हवी : साखळीचें बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढेंच असतें.

आतां हिशेब मांडूं. मॉनिटर, यूपीएस व बाहेरची डिस्क वेगळीं काढून उरलेल्या रकमेचे शंभर वांटे करा. प्रोसेसर २२, मदरबोर्ड १२, रॅम १८, ग्राफिक्स कार्ड २२, आंतील साठवण १४, पॉवर सप्लाय ७, कॅबिनेट व पंखे ५. हे आंकडे वेदवाक्य नव्हेत. बाजारभावाप्रमाणें दोनचार इकडेतिकडे होतील. मात्र कोणताहि एक वांटा चाळिसांपर्यंत चढूं लागला तर दुसऱ्या कोणाच्या ताटांतून तो ओढला जातो, तें पाहावें. कार्ड मागाहून घ्यावयाचें असल्यास त्याचे २२ वांटे राखून ठेवावे. खर्चून टाकूं नयेत. मॉनिटर आयपीएस प्रकारचा, रंग खरे दाखविणारा घ्यावा. ज्याला खोटे रंग दिसतात तो खरे रंग साधणार कसे?

खरेदीपूर्वीं दोन गोष्टी कराव्या, त्यांना पैसा लागत नाहीं. जुना संगणक घरीं असेल तर त्यावर काम चालूं असतां विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून पाहावें : प्रोसेसर, रॅम, डिस्क व कार्ड यांपैकीं कोण पूर्ण भारास टेकला आहे ? नाडी पाहूनच औषध द्यावें. दुसरें, 'प्रॉक्सी'ची रीत शिकावी. मूळ चित्रणाच्या लहान, हलक्या प्रती करून त्यांवर संकलन करावयाचें आणि अखेरीस मूळ चित्रण जोडावयाचें; एवढ्यानें कित्येक जुने संगणक पुन्हां कामास येतात. डाव्हिंची रिझॉल्व्हची एक आवृत्ति फुकट मिळते, केडेनलाइव्ह तर संपूर्ण मोफत आहे. तेव्हां साधनाचें भाडें आरंभींच डोक्यावर घेण्याचें कारण नाहीं.

बाजारांत जातांना, मग तो मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा आपल्या गांवची पेठ, यादी घरून लिहून न्यावी, दोन-तीन दुकानीं भाव विचारावा आणि पक्की पावती घ्यावी. पावतीवांचून हमी म्हणजे वाऱ्यावरची वरात. कॅबिनेट किंवा मॉनिटर वापरलेला चालेल. डिस्क व पॉवर सप्लाय मात्र नवेच घ्यावे. जुना सबंध संगणक घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें कीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींचे बहुतेक सर्व प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादींत बसत नाहींत.

तात्पर्य, मुलांनीं संगणक मागितला तर 'केवढ्याला ?' हा प्रश्न दुसरा विचारावा. पहिला प्रश्न असा : कोणतें काम, कोणत्या कॅमेऱ्याचें, महिन्याला किती तासांचें ? याचें उत्तर जो मुलगा किंवा जी मुलगी कागदावर लिहून देईल, तिच्या हातीं घरची शिल्लक द्यावयास हरकत नाहीं.