ब्रेकचे काम झाले, पण बोल्ट कुणी पाहिले?

वणी : टोमॅटोचे क्रेट भरून पहाटे पिंपळगाव बसवंतच्या बाजाराला निघालेली पिकअप असो, नाहीतर घरच्यांना घेऊन सप्तशृंगी गडाचा घाट नांदुरीकडे उतरणारी जीप असो, उतारावर आपला सगळा भरवसा ब्रेकवरच्या पायावर असतो. ब्रेकचे पॅड झिजले की आपण गॅरेज गाठतो. मिस्त्री म्हणतो, "झालं काम, घ्या गाडी." आपण पैसे देतो आणि निघतो. पण शेतकरी बंधूंनो, कॅलिपरचे बोल्ट नीट आवळले का, हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

बोल्टवर भार कसला?

पिकअपच्या पुढच्या चाकाआड लोखंडी डिस्क असते. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. पाय दाबला की ब्रेक ऑइलच्या जोराने पॅड डिस्कवर दाबले जातात. त्या वेळी फिरती डिस्क कॅलिपरला आपल्याबरोबर ओढू पाहते. ही ओढ बोल्टांवर येते. बहुतेक गाड्यांत दोन लहान बोल्ट कॅलिपरला त्याच्या ब्रॅकेटवर धरतात आणि दोन मोठे बोल्ट ब्रॅकेटला चाकामागच्या भागाशी जखडतात. पॅड बदलताना सहसा लहान बोल्ट खोलतात. डिस्क काढायची तर बहुधा मोठेही खोलावे लागतात.

बोल्ट ढिला राहिला तर पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. खड्ड्यांच्या दणक्याने तो थोडा थोडा फिरत जातो. एक बोल्ट पडला की कॅलिपर दुसऱ्यावर लोंबतो, चाकाच्या रिमला घासतो. चाक एकदम जाम होते, नाहीतर ब्रेकचा पाइप तुटून ऑइल सांडते आणि पाय थेट तळाला जातो. सपाटीवर हे झाले तर थोडक्यात निभावेल. घाटात भरल्या गाडीला निभावणार नाही.

किती आवळायचे?

"हाताला कळतं" असे मिस्त्री सांगतात. अनुभवी हाताला बरेच कळते, हे खरे. तरी खात्री देतो तो टॉर्क पाना. मोठ्या बोल्टला बऱ्याच गाड्यांत १०० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ लागतो. म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या आडव्या पान्याच्या टोकाला २० किलोचा भरलेला क्रेट टांगावा, तेवढा. लहान बोल्टला ३० च्या आसपास. त्याच पान्याला ६ किलो पुरे. हे आकडे अंदाजासाठी आहेत. तुमच्या गाडीचा नेमका आकडा कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात पाहा. पान्याला पाइप घालून अंगाच्या जोराने पिळू नका. त्याने बोल्ट ताणला जातो, आटे मरतात आणि पुढे तोच दगा देतो.

काम करताना एवढे पाहा

१) जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. चाकांना दगड लावा, गाडी स्टँडवर टेकवा.
२) खोललेला कॅलिपर पाइपवर लोंबू देऊ नका, तारेने बांधा.
३) बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा. सुरुवातीचे काही फेरे बोटांनीच द्या. बोल्ट अडला तर जोर लावू नका. आटे तिरके बसलेले असतात.
४) सरकत्या पिनला ब्रेकचेच ग्रीस लावा. आट्यांना, पॅडला किंवा डिस्कला ग्रीस लागू देऊ नका.
५) कंपनीने नवा बोल्ट किंवा आटे पकडून ठेवणारे लॉकटाईटसारखे औषध सांगितले असेल, तर तिथे काटकसर नको.
६) आवळून झाल्यावर बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली, की बोल्ट फिरला.
७) गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत पाच-सहा वेळा दाबा. ब्रेक ऑइलची पातळी पाहा. मग मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून ब्रेक तपासा.

पुढे शंभरेक किलोमीटर झाल्यावर रेघ पुन्हा पाहा. मधल्या काळात खड्ड्यात टकटक, ब्रेक दाबताना खट्ट आवाज किंवा चाकाला घासल्याचा आवाज आला तर "बाजार करून बघू" म्हणू नका. गाडी तिथेच थांबवा.

ग्रामपंचायतीनेही नोंद ठेवावी

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनाही एक सांगणे. गावाची घंटागाडी, पाण्याचा टँकर, शाळेच्या पोरांची गाडी दुरुस्तीला गेली, की नुसते बिल फायलीला लावू नका. काम कुणी केले, बोल्ट कुणी तपासले, किलोमीटर किती झाले होते, एवढी एक ओळ वहीत लिहून घ्या. सही करायची म्हटली की करणाराही पुन्हा एकदा पाना लावतो.

मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकलाही हेच लागू आहे. पिळाचा आकडा तेवढा वेगळा. तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजमधून निघताना मिस्त्रीला सांगा, "भाऊ, रेघ ओढून दाखव." त्याला राग येणार नाही. आला तरी चालेल. उतारावर गाडीत तुमची माणसे असतात.