वेल्सच्या माळावर एका आकड्याची किंमत

खेळ ऐकायला अगदी साधा आहे. कोणीतरी घट्ट झाकणाचा एक डबा रानात लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. दुसरा कोणी जीपीएसच्या आधाराने तिथे पोहोचतो, डबा शोधतो, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितो आणि डबा होता तसा ठेवून परततो. याला जिओकॅशिंग म्हणतात. १ मे २००० रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारी उपकरणं एका रात्रीत वीस मीटरच्या आत आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यात एक काळी बादली लपवली आणि तिचा पत्ता आकड्यांत कळवला. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत.

पण आम्हाला या खेळाचा जो प्रकार खरा वाटतो तो कोड्यांचा. त्यात नकाशावर दिसणारी जागा खोटी असते. खरी जागा तिथून साधारण सव्वातीन किलोमीटरच्या आत कुठेतरी असते, आणि ती कोडं सोडवल्याशिवाय कळत नाही. अशी दहा-पंधरा कोडी एका वाटेवर गुंफली की मालिका होते. प्रत्येक डब्याच्या झाकणात एखादा आकडा लिहिलेला असतो. ते सगळे आकडे जमवले की शेवटच्या डब्याची जागा मिळते. कोडी घरी चहा पीत सोडवायची, आकडे मात्र चालून आणायचे.

वेल्सचा डोंगराळ माळ या प्रकाराला फार जुळतो. देशाच्या मध्यभागी कँब्रियन पर्वतरांग आहे. तिथलं पिम्लिमॉन हे शिखर ७५२ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे कागदावर ते फारसं भीतिदायक वाटत नाही. पण याच डोंगराच्या अंगावर सेव्हर्न, वाय आणि रैडॉल या तीन नद्या उगम पावतात. यावरूनच जमिनीत किती पाणी मुरलेलं असेल याचा अंदाज करावा. झाडं जवळजवळ नाहीत. गवताचे गुडघ्याएवढे झुबके, त्यांच्या मधे पाणी, आणि खाली पीट, म्हणजे हजारो वर्षं न कुजता साठत गेलेल्या शेवाळाचा आणि गवताचा काळा थर. २००५ पासून वेल्समधल्या अशा खुल्या डोंगराळ जमिनीवर पायी हिंडण्याचा हक्क लोकांना कायद्याने मिळाला आहे. डबा ठेवायचा तर मात्र जमीनमालकाची परवानगी लागते, आणि तो पुरायचा नाही हा नियम आहे.

कोडी कशी असतात? उगाच सांकेतिक भाषेचे डोंगर रचणारे रचनाकार आम्हाला आवडत नाहीत. चांगलं कोडं त्या जमिनीतूनच उगवतं. एक नमुना पाहा. वेल्श भाषेत तळ्याला ‘ल्लिन’ म्हणतात. इंग्रजी डोळ्यांना त्यात एल, एल, वाय, एन अशी चार अक्षरं दिसतात. पण वेल्श वर्णमालेत जोडीने येणारे दोन एल मिळून एकच अक्षर होतं, म्हणून तिथला माणूस तीनच मोजतो. तसंच दोन डींचं. डोंगराला ‘मनिद’ म्हणतात, लिहिताना सहा चिन्हं, मोजताना पाच अक्षरं. ‘नावातली अक्षरं मोजा’ एवढंच रचनाकाराने म्हटलं की परगावचा माणूस फसला. आपल्या घरच्या मुलांना हे पटकन समजेल. ‘भाई’ लिहिताना देवनागरीत ‘भ’ हे एकच अक्षर, आणि तोच शब्द उर्दूत लिहायला बसलं की बे आणि पुढे दोचश्मी हे. मोजणार कोणत्या लिपीत, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

दुसरी काही कोडी डोंगरावर गेल्याशिवाय सुटतच नाहीत. ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याने, ऑर्डनन्स सर्व्हेने, १९३६ पासून देशभर मोजणीसाठी काँक्रीटचे चौकोनी खांब उभे केले. त्यांतले पुष्कळ शिखरांवर आहेत आणि बहुतेकांवर क्रमांकाची धातूची पट्टी असते. तो क्रमांक कोड्यात हवा असेल तर वर चढावंच लागतं.

आता आकड्यांकडे येऊ. पत्ता असा लिहितात: उत्तर ५२ अंश २८.३४५ मिनिटं. यातला शेवटचा ५ चुकून ६ झाला तर आपण दोन मीटरच्या आत आहोत, डबा सापडेल. मधला ४ चुकला तर साडेअठरा मीटर. दशांशानंतरचा पहिला ३ चुकला तर १८५ मीटर, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे. आणि २८ चे २९ झाले तर जवळजवळ १.८५ किलोमीटर, म्हणजे चक्क दुसरी दरी. रेखांशाचा हिशेब पुन्हा वेगळा. उत्तरेकडे जाताना रेखांशाच्या रेषा जवळ जवळ येतात. मुंबईच्या अक्षांशावर एक मिनिट म्हणजे पावणेदोन किलोमीटर, तर पिम्लिमॉनजवळ तेच एक मिनिट जेमतेम १.१३ किलोमीटर. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते. इथे ती पायांना कळते.

म्हणून जाणते खेळाडू उत्तर आलं की लगेच बूट चढवत नाहीत. रचनाकार अनेकदा सगळ्या अंकांची बेरीज देतो, ती जुळते का पाहतात. पण बेरजेवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. ३४५ च्या जागी ४३५ लिहिलं तर बेरीज तीच राहते आणि माणूस १६७ मीटर दूर जातो. तेव्हा नकाशा उघडायचा. जागा तळ्यात पडते का? कड्यावर? दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटरपेक्षा जवळ? तसं असेल तर खेळाच्या नियमांप्रमाणेच ते उत्तर चुकीचं. हा सगळा तपास घरी, कोरड्या जागी करायचा, कारण वर धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही.

वेळेचा हिशेबही घरीच. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने दिलेला ठोकताळा आजही वापरतात: पाच किलोमीटरला एक तास, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक. सोळा किलोमीटरच्या फेरीत एकूण ६०० मीटर चढ असेल तर सव्वाचार तास. पंधरा डबे, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे अडीच तास. झाले पावणेसात. डिसेंबरमध्ये मध्य वेल्सला दिवस आठ तासांहूनही लहान. आणि नेस्मिथचा ठोकताळा चांगल्या वाटेचा आहे. गवताच्या झुबक्यांतून चालताना वेग निम्मा झाला तरी नवल नाही.

मुलं हमखास विचारतात, नेटवर्क नसेल तर फोनचं जीपीएस कसं चालणार? चालतं. फोन उपग्रहांना काही पाठवत नाही, फक्त वीस हजार किलोमीटर वरून येणारे संकेत ऐकतो आणि किमान चार उपग्रहांवरून जागा काढतो. पण नकाशा आधी उतरवून ठेवला नसेल तर कोऱ्या पडद्यावर एक ठिपका, एवढंच दिसेल. थंडीत बॅटरीही भराभर उतरते. म्हणून कागदी नकाशा, होकायंत्र, जादा स्वेटर आणि शिट्टी हवी. मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, ही मदतीची खूण. ती ऐकून जे येतात ते पर्वत बचाव पथकातले स्वयंसेवक. पगार नाही, बिल नाही. कोणी दुकानातून उठून येतो, कोणी शेतावरून, आणि तेही याच दलदलीतून अंधारात चालत येतात. एका डब्यासाठी त्यांना बाहेर काढायचं का, हा विचार चौदावा आकडा हातात आणि सूर्य कलता असताना करावा लागतो. तेव्हा शेवटचा डबा चारशे मीटरवर असला तरी पुष्कळ जण वळतात, आणि आमच्या मते तेच उत्तम खेळाडू.

वहीबरोबर डब्यात पेन नसतं, पेन्सिल असते, कारण ओल्या कागदावर शाई उठत नाही. ज्यांना डबा मिळाला नाही तेही घरी परतल्यावर खेळाच्या नोंदवहीत तसं लिहितात: आलो, शोधलं, सापडला नाही. अशा दोन-तीन नोंदी लागोपाठ आल्या की डबा पाण्याने वाहून गेला असावा हे मालकाला समजतं, आणि पहिला कोरडा दिवस पाहून तो नवी वही घेऊन स्वतः वर चढतो.