राधाच्या घरी जाणारा लांबचा रस्ता

मुलांसाठी लिहिणारे मराठीत पुष्कळ, त्यांच्या पुस्तकांत चित्रं काढणारेही पुष्कळ. पण गोष्ट आणि चित्र एकाच हातून उतरलंय, अशी उदाहरणं हुडकावी लागतात. माधुरी पुरंदरे हे त्यांतलं सगळ्यांत ठळक नाव. गंमत अशी, की मुलांच्या पुस्तकांकडे त्या सरळ रस्त्यानं आल्याच नाहीत.

1952 चा जन्म. वडील शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे, आई निर्मला पुरंदरे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचं शिक्षण झालं, मग पॅरिसला जाऊन त्या मुद्राचित्रण शिकल्या. परतल्यावर पुण्याच्या आलियाँस फ्रान्सेजमध्ये बरीच वर्षं फ्रेंच शिकवलं. शिवाय गळा होता. थिएटर अकॅडमीच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मुळे 1978 मध्ये रसिकांना त्या गाणारी नटी म्हणून माहीत झाल्या. पुढे 1988 मध्ये आलं ते ‘पिकासो’, म्हणजे थेट मोठ्यांसाठी लिहिलेलं चित्रकाराचं चरित्र. इथवरचा आलेख पाहून ही बाई उद्या चार वर्षांच्या पोरांसाठी पुस्तकं करील, असं भाकीत कुणी केलं नसतं.

या वळणामागे आईच्या कामाचा वाटा मोठा. निर्मलाताईंनी 1981 मध्ये ‘वनस्थळी’ सुरू केली. खेड्यातल्या बायकांना बालवाडी चालवायला शिकवणारी ही संस्था. माधुरीताईंनी तिच्या नियतकालिकाचं संपादन केलं. बालवाडी म्हटली की पहिला प्रश्न येतो तो मुलांच्या हातात काय द्यायचं हा. ‘वाचू आनंदे’ हे त्या प्रश्नाला मिळालेलं एक भरघोस उत्तर. बालगट आणि कुमारगट मिळून चार भाग. त्यांत मराठीतल्या नामवंत लेखक-कवींचे उतारे वेचून लावलेले, आणि सोबत भारतीय चित्रपरंपरेतली चित्रं. मुलांना सोपं करून भरवण्याऐवजी अस्सल तेच पुढं ठेवायचं, हा त्यामागचा हट्ट होता. ज्योत्स्ना प्रकाशनानं तो पुरवला.

स्वतःच्या गोष्टी मात्र अगदी घरातल्या. ‘राधाचं घर’ या संचात आई, बाबा, आजी, आजोबा, काका अशी घरातली माणसं एकेका पुस्तकात भेटतात. यश नावाच्या मुलाच्या पुस्तकांची नावंच बघा: ‘मोठी शाळा’, ‘हात मोडला’, ‘मामाच्या गावाला’. राक्षस नाही, राजपुत्र नाही, शेवटी तात्पर्य तर नाहीच. शाळेत जाणं किंवा हात प्लास्टरमध्ये असणं हेच लहान मुलाच्या आयुष्यातलं मोठं प्रकरण असतं, हे लेखिकेनं मनापासून मान्य केलंय. संस्कारांचा डोस पाजल्याशिवाय बालसाहित्य पुरं होत नाही, अशी आपल्याकडे जुनी समजूत. त्या समजुतीशी त्यांनी वाद घातला नाही. तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

आधीची सगळी उठाठेव इथं कामी आलेली दिसते. नाटकामुळे तयार झालेला कान संवादांत ऐकू येतो. आजी आजीसारखी बोलते, मूल मुलासारखं. आणि जे चित्रात दिसतंय ते मजकुरात पुन्हा सांगायचं नाही, ही शिस्त दोन्ही कामं एकाच माणसाची असल्यामुळेच इतकी चोख पाळली जाते. कपड्यांचा पसारा, आजोबांची बसायची ढब, कोपऱ्यातली चप्पल हे सांगायचं काम रेघेचं. ‘चित्रवाचन’मध्ये तर त्यांनी गोष्ट सांगायचं काम बरंचसं मुलांवरच सोपवलं.

एक शंका मात्र घ्यायला हवी. हे जग बरंचसं शहरी, मध्यमवर्गीय घरातलं आहे. भंडारा जिल्ह्यात लाखांदूर किंवा साकोलीकडचं मूल ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोरा’ म्हणत वाढतं. त्याच्या घरामागे धानाची बांधी म्हणजे भातखाचर असतं, गावाबाहेर बोडी म्हणजे छोटं तळं असतं. राधाच्या घरातली भाषा त्याला थोडी पाहुण्यासारखीच वाटणार. पण चित्राला बोली नसते. रुसलेलं पोर आणि समजूत काढणारी आजी त्याला लगेच ओळखू येते, आणि त्या चित्रावर ते आपल्या झाडीबोलीतही बोलू शकतं. बालवाडीच्या ताईंनी तेवढी मुभा दिली म्हणजे झालं. बांधी-बोडीचं चित्रपुस्तक तिकडच्याच एखाद्या चित्रकारानं करावं, ही अपेक्षा पुरंदऱ्यांकडून नव्हे, आपल्याकडून.

थोड्या मोठ्या मुलांसाठी त्यांनी ‘लिहावे नेटके’ केलं. व्याकरणाचं पुस्तक म्हणावं तर ते हसतखेळत चालतं, आणि खेळ म्हणावा तर वाक्याची कसून तपासणी करायला लावतं. कित्येक पत्रकारांनीही ते गुपचूप सोडवून पाहायला हरकत नाही.

2014 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. 2016 मध्ये टाटा ट्रस्ट्सचा बिग लिटल बुक पुरस्कार सुरू झाला, तेव्हा लेखकासाठीचा पहिला मान त्यांना गेला. चित्रकाराचा वेगळा पुरस्कार होता, तो अतनु रॉय यांना. निवड योग्यच होती. पण लेखक आणि चित्रकार असे दोन रकाने आखले, की दोन्हीकडे पाय असलेल्या माणसाला कुठल्या तरी एकाच रकान्यात बसवावं लागतं, आणि मराठी समीक्षाही त्यांच्या गोष्टींवर जेवढं बोलते तेवढं चित्रांवर अजून बोललेली नाही.