शेजाऱ्याचं उत्पन्न आणि बघणाऱ्याचं नाव

ओस्लोत राहणाऱ्या माणसाला शेजारी वर्षाला किती कमावतो हे त्याला विचारावं लागत नाही. कर विभागाच्या संकेतस्थळावर जायचं, शेजाऱ्याचं नाव लिहायचं, की उत्पन्न, संपत्ती आणि भरलेला कर असे तीन आकडे समोर येतात. पंतप्रधानांचे येतात, मुलाच्या वर्गशिक्षिकेचे येतात आणि ज्याच्याशी अबोला आहे त्या चुलतभावाचेही येतात. यात कुणी गुपित फोडलेलं नाही. नॉर्वेत कायद्यानेच हे खुलं आहे आणि ही रीत एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. फिनलंडमध्येही दर नोव्हेंबरात करदात्यांचे आकडे जाहीर होतात, आणि शेजारच्या स्वीडनने तर १७६६ सालीच सरकारी कागद बघण्याचा हक्क नागरिकांना कायद्याने दिला.

मला खरं आश्चर्य वाटतं ते यापुढच्या गोष्टीचं. २००१ पर्यंत नॉर्वेतल्या या याद्या कागदावर असत. शरद ऋतूत काही आठवडे त्या स्थानिक कार्यालयात ठेवल्या जात आणि ज्याला बघायच्या असतील त्याने तिथे जाऊन पानं उलटायची. काही गावांत त्या छापून विकल्याही जात. माहिती सगळ्यांसाठी खुली होती, पण ती बघायला घरातून उठून जावं लागे आणि गाव लहान असेल तर कोण कुणाचं नाव शोधतोय हे चार जणांना दिसे. २००१ साली वर्तमानपत्रांनी या याद्या इंटरनेटवर आणल्या. कायद्याचा एक शब्दही बदलला नव्हता, तरी सगळंच बदललं. आता रात्री अंथरुणात पडल्या पडल्या अख्ख्या गल्लीचं उत्पन्न बघता येऊ लागलं. पुढे तर फेसबुकवरच्या मित्रांना कमाईनुसार वरखाली लावून दाखवणारी अ‍ॅप आली.

या उघडेपणाचा फायदा झाला, हे आधी सांगायला हवं. नॉर्वेच्या आणि अमेरिकेच्या अर्थतज्ज्ञांनी मिळून केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की ज्या भागांत पूर्वी याद्या सहज हाती लागत नव्हत्या, तिथले व्यावसायिक २००१ नंतर सुमारे ३ टक्के जास्त उत्पन्न दाखवू लागले. गावाला आपला आकडा दिसणार म्हटल्यावर तो खरा लिहिण्याकडे कल वाढला.

दुसरा परिणाम मात्र मनाला लागतो. रिकार्डो पेरेझ-त्रुग्लिया या अर्थतज्ज्ञाने १९८५ पासूनच्या पाहण्या तपासल्या. माणसं स्वतःला किती सुखी समजतात, याचे प्रश्न त्या पाहण्यांत असत. याद्या इंटरनेटवर आल्यावर श्रीमंत आणि गरीब यांच्या सुखातलं अंतर २९ टक्क्यांनी वाढलेलं त्याला आढळलं. कुणाचा पगार घटला म्हणून हे झालं नव्हतं. आपण रांगेत नेमके कुठे उभे आहोत, हे प्रत्येकाला कळलं होतं. आईबाप कमी कमावतात म्हणून शाळेत मुलांना चिडवल्याच्या बातम्याही आल्या. एक आकडा दिसल्याने माणसाचा दिवस बदलावा, याचा विचार करताना मी कितीदा तरी थांबले आहे.

मग २०१४ साली सरकारने काय केलं? एकही आकडा लपवला नाही. नियम एवढाच केला, की ज्याचा आकडा बघितला त्याला बघणाऱ्याचं नाव कळणार. २०१३ साली सुमारे पन्नास लाख लोकसंख्येच्या या देशात १ कोटी ६५ लाख शोध झाले होते. नियमानंतरच्या वर्षी ते २१ लाखांच्या आसपास आले. माहिती तीच होती, यंत्रही तेच होतं. फक्त बघणाराही आता दिसू लागला होता.

खासगीपणाबद्दल बोलताना आपण नेहमी दाखवणाऱ्याला प्रश्न विचारतो: इतकं कशाला दाखवायचं? नॉर्वेचे हे आकडे प्रश्न दुसऱ्या टोकाला नेतात: कोण बघतंय, आणि ते मला कळतंय का?

हे टोक हाती धरलं की फोटोच्या बाबतीत इतके जपणारे लोक बागेत विवस्त्र कसे पहुडतात, हे जर्मनीचं कोडंही सुटू लागतं. ३० जुलै १८९८ च्या रात्री हॅम्बुर्गजवळच्या फ्रीडरिक्सरू इथे जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क याचं निधन झालं. त्यानंतर काही तासांत दोन छायाचित्रकार खिडकीतून आत शिरले आणि मृतदेहाचा फोटो काढून पसार झाले. कुटुंब न्यायालयात गेलं. फोटो त्यांच्याकडून काढून घेण्यात आला, पण त्यासाठी न्यायालयाला घरात बेकायदा घुसल्याच्या मुद्द्याचा आधार घ्यावा लागला, कारण माणसाच्या स्वतःच्या प्रतिमेवरच्या हक्काचा कायदाच तेव्हा नव्हता. तो १९०७ साली झाला. एका शतकानंतर, २०१० साली, गूगलची स्ट्रीट व्ह्यू सेवा जर्मनीच्या २० शहरांत येणार होती, तेव्हा २ लाख ४४ हजारांहून अधिक कुटुंबांनी आपलं घर पुसट करा म्हणून अर्ज केले. आणि याच देशात म्युनिकच्या इंग्लिश गार्डनमध्ये लोक उन्हात विवस्त्र पहुडतात, भर शहरात, वर्षानुवर्षं. बागेत नजर दोन्हीकडून जाते. जो बघतो तोही दिसतो. घराच्या त्या फोटोकडे जगातलं कोण बघतंय, ते घरात राहणाऱ्याला कधीच कळणार नसतं. मला तरी या दोन वागण्यांत विसंगती दिसत नाही.

आपल्याकडची रेघ आणखी वेगळ्या जागी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटलं, की प्राप्तिकराचं विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती आहे आणि व्यापक जनहित असल्याशिवाय माहिती अधिकारातही ती मिळणार नाही. लग्नाच्या बायोडेटात मात्र पगार, उंची, नक्षत्र, गण आणि मामांचं गाव हे सगळं एका पानावर असतं, आणि ते पान आत्याच्या फोनवरून तिच्या जावेच्या, तिथून तिच्या भिशीच्या गटात जातं. त्या मुलीला किंवा मुलाला ते किती जणांनी वाचलं याचा पत्ता नसतो. या पानाची मला नॉर्वेच्या यादीपेक्षा जास्त काळजी वाटते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसमध्ये नॉर्वेचा तो नियम आपण रोज वापरतो. बारशाचा फोटो टाकला की तो कुणी कुणी पाहिला, ती नावं खाली येतात. आपण पाहिल्याचं कुणाला कळू नये असं वाटलं, तर वाचल्याची खूण सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. मग दुसऱ्याचं स्टेटस आपण पाहिलं तरी तिथे आपलं नाव उमटत नाही, आणि आपलं स्टेटस कुणी पाहिलं ते आपल्यालाही दिसत नाही.