'टेल' म्हणजे सांगणे आणि मोजणेसुद्धा

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. तरीही स्पीक, टॉक, से आणि टेल या चार क्रियापदांत आपली मुले गोंधळतात. खरे तर घरातल्या मराठीनेच हा गोंधळ बराचसा सुटतो. स्पीक आणि टॉक म्हणजे बोलणे, से म्हणजे म्हणणे आणि टेल म्हणजे सांगणे. सांगितले म्हटले की 'कोणाला?' हा प्रश्न येतोच. म्हणून इंग्रजीतही टेलच्या पाठोपाठ बहुधा ऐकणारा माणूस येतो. 'टेल मी' बरोबर, 'से मी' चूक.

पण या शब्दाचा एक जुना अर्थ शाळेत क्वचितच सांगतात. तो म्हणजे मोजणे! जुन्या इंग्रजीत हे क्रियापद मोजणे आणि सांगणे अशा दोन्ही अर्थांनी चालत असे. एकामागून एक क्रमाने मांडायचे, मग ती नाणी असोत की घडलेली हकीकत. इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मन भाषेत आजही मोजण्याला 'त्सेलन' आणि हकीकत सांगण्याला 'एरत्सेलन' म्हणतात. इंग्रजीत मोजण्याचा अर्थ मागे पडला, पण नाहीसा झाला नाही. मोजदाद नसलेल्या संपत्तीला 'अनटोल्ड वेल्थ' म्हणतात. इंग्लंडच्या पार्लमेंटात मते मोजणारे सभासद म्हणजे 'टेलर'. बँकेच्या खिडकीत नोटा मोजणारा कारकूनही 'टेलर'. कपडे शिवणारा टेलर मात्र वेगळा. तो शब्द कापणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला.

एटीएम म्हणजे ऑटोमेटेड टेलर मशीन. त्यातला मधला 'टी' तो हाच. लंडनमध्ये १९६७ साली नोटा देणारे यंत्र बसले आणि भारतात पहिले एटीएम १९८७ साली मुंबईत आले. माणसाचे मोजण्याचे काम यंत्राकडे गेले, नाव मात्र जुनेच राहिले.

हे फक्त इंग्रजांचेच आहे असे नाही. संस्कृतात 'ख्या' म्हणजे सांगणे, कळवणे. त्यावरून आख्यान आणि व्याख्या हे शब्द झाले, आणि संख्याही त्यावरूनच. पालीत संख्येला 'संखा' म्हणतात. आपल्या वंदनेतला 'स्वाक्खातो' हा शब्द त्याच कुळातला. त्याचा अर्थ नीट, उत्तम रीतीने सांगितलेला. आपल्याकडे धान्य मोजताना जुनी माणसे 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत आणि पुढे दोन, तीन असे मोठ्याने मोजत. मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या दोंडाईच्याच्या बाजारातही काट्यावरचे वजन शेतकऱ्याला ऐकू यायला हवे, तरच ते त्याला पटते.

यातून घेण्यासारखे एवढेच की, मोजणे आणि सांगणे यांची फारकत झाली की नुकसान गरिबाचे होते. मजुरी असो, पतसंस्थेचा हप्ता असो की रेशनचे धान्य, सही करण्यापूर्वी किंवा अंगठा लावण्यापूर्वी आकडा मोठ्याने सांगायला लावा. पावती मागा. घरातल्या शिकणाऱ्या मुलाने ती आजीला वाचून दाखवावी. विचारण्यात कमीपणा नाही. ज्याने मोजले, त्याने सांगितलेही पाहिजे.